तो बॉल जोरात गेला नव्हता

शलाका,

परवा तुझ्या अंत्यसंस्काराला दीडशे तरी माणसं होती आणि त्यातला प्रत्येक जण तुझं कौतुक करत होता. तुझ्या ऑफिसमधले, जॉन्सनव्हिलच्या मराठी मंडळातले, तुझ्या लेकीच्या, इराच्या शाळेतल्या मुलांच्या आया. तुझा बॉस म्हणाला की तू कधी कोणाबद्दल वाईट शब्द काढला नाहीस. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तूच पुटपुटली असतीस, माझ्या शेजारी बसून, ओठ न हलवता. माझ्या शेजारी तुझ्या ऑफिसमधला कोणी एक उंच गोरा बसला होता, त्यामुळे मला ते मनातल्या मनात म्हणावं लागलं.

आदल्या दिवशी निखिलने मला फोनवर विचारलं होतं, "अनघा, कॉलेजच्या टीमबद्दल दोन शब्द बोलशील का? तिला आवडलं असतं." मी नाही म्हणाले. घसा बसलाय, असं तुझ्या नवऱ्याला सांगितलं. घसा ठणठणीत होता. तीन वर्षं आपण एका टीममध्ये खेळलो, त्यावर मी दोन शब्द काय, दोन तास बोलले असते. पण त्या तीन वर्षांचा शेवट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं मला जमलं नसतं.

शेवट असा की फायनलचा शेवटचा बॉल तू माझ्या शब्दावर टाकलास, आणि मी तुला खोटं सांगितलं होतं. हे मी नऊ वर्षांत कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला सांगायची गरजच नव्हती, तुला त्याच मिनिटाला कळलं होतं. आणि तरी तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. त्याचा मला इतका राग आहे की तू गेल्यावरही तो उतरलेला नाही. उतरेल असं वाटलं होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आपण त्या खेळात पडलो ते तुझ्या हावरटपणामुळे, हे तरी कबूल कर. ऑकलंडच्या पॉलिटेक्निकचा पहिला आठवडा होता. मैदानावर सॉसेज भाजत होते आणि आपण दोघी शाकाहारी, पावाच्या तुकड्यात नुसता भाजलेला कांदा घालून खात उभ्या होतो. तेवढ्यात बॅरी आला. निवृत्त प्लंबर, पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत मोजे. "किया ओरा, लेडीज. तुम्हाला बोल्स खेळायला आवडेल का?" त्याच्या लॉन बोल्सच्या क्लबात सगळ्यात तरुण मेंबर बहात्तर वर्षांचा होता आणि क्लब बंद पडायच्या बेताला आला होता. कॉलेजची एक टीम उभी राहिली तर बरं, म्हणून तो पोरं गोळा करत फिरत होता. मी नाही म्हणणार होते. तू विचारलंस, "चहाबरोबर काय असतं?" त्याने सांगितलं, स्कोन्स आणि जॅम. झालं.

पहिल्या दिवशी आपण जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून गेलो. हिरवळीवर त्या चालत नाहीत म्हणून बॅरीने काढायला लावल्या. अनवाणी, गार गवतावर, हातात तो जड काळा बॉल. सरळ टाकला तर सरळ जातच नाही, एका बाजूला वळतो. लांब एक छोटा पांढरा बॉल असतो, त्याला किटी म्हणतात, आणि आपला बॉल किटीच्या जवळात जवळ नेऊन ठेवायचा. एवढाच खेळ. मी पुण्याची, मला वाटलं हा म्हाताऱ्यांचा टाइमपास आहे. तू पहिलाच बॉल किटीपासून हातभर अंतरावर थांबवलास आणि बॅरीने टोपी काढली. नाशिकला लहानपणी गल्लीत गोट्या खेळायचीस म्हणे तू. मला ते कधीच खरं वाटलं नाही, पण दुसरं काही कारण सापडलं नाही.

चौघांची टीम झाली. नर्सिंग शिकणारा तेविता, टोंगन, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. बेकरीचा कोर्स करणारी जोआन. ते दोघं आधी टाकायचे, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी तू. शेवटी टाकणारा तो कप्तान, स्किप म्हणतात त्याला. आम्ही टाकत असताना तू पलीकडे किटीपाशी उभी राहून सांगायचीस, कुठे टाक, किती टाक. तुझी पाळी आली की तू इकडे यायचीस आणि मी तिकडे जायचे, आणि मग तुझ्यासाठी मी सांगायचे. कारण बॉल टाकणाऱ्याला इतक्या लांबून नीट दिसत नाही. किटीभोवती आठ-दहा बॉल पडलेले असतात, त्यात कोणाचा जवळचा, आपला की त्यांचा, हे तिथे उभ्या असलेल्यालाच कळतं. त्याने जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवून टाकायचं, दुसरा इलाज नाही.

बाकीच्या टीमा हातवारे करायच्या. आपण मराठीत ओरडायचो. "कोणाचा?" "त्यांचा. डावीकडून ये, हळू." "आपला आहे, नुसता शेजारी ठेव." समोरच्यांना अक्षर कळायचं नाही. तेविता आणि जोआनलाही कळायचं नाही, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. बॅरी बाकावर बसून खुशीत मान हलवायचा. "तुम्ही काय बोलता त्यातलं मला ढिम्म कळत नाही, पण बोलत राहा," असं तो म्हणायचा. आपल्याला फार हुशारी वाटायची स्वतःची. सगळ्या न्यूझीलंडमध्ये ही युक्ती फक्त आपल्याकडे आहे, असा तुझा दावा होता.

आणि मधली ती भेट. मी तिकडे निघाले आणि तू इकडे, की हिरवळीच्या मधोमध आपण एकमेकींना ओलांडायचो. दर वेळी. थांबायचं नाही, चालता चालता एक वाक्य, फार तर दोन. एका सामन्यात पंधरा वेळा. तीन वर्षांचे किती सामने झाले, मी हिशेब मांडलेला नाही. त्या एकेका वाक्यात तू मला काय काय सांगितलंस. "काल आईचा फोन आला, स्थळ आणलंय." "तुझी असाइनमेंट मी सबमिट केली, तू विसरली होतीस." "जोआन रडलीय, आज तिला काही बोलू नकोस." अवघड असलेलं सगळं तू तिथेच सांगायचीस. फ्लॅटवर आपण एकाच खोलीत झोपायचो, न्यू लिनच्या बसमध्ये रोज अर्धा तास शेजारी बसायचो, तिथे तू हवामान आणि सिनेमे काढायचीस. खरं बोलायला तुला हिरवळीचा मध्य लागायचा, कारण तिथे समोरच्याला उत्तर द्यायला वेळच मिळत नसे. ही तुझी चलाखी मला कळायला दोन वर्षं लागली. तुला कोणाचं उत्तर नको असायचं.

पण खोटं कशाला बोलू, त्याच जागेने मला तगवलंही. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. तिकीट मिळेपर्यंत पुण्यात सगळं उरकलेलं होतं, काका म्हणाला, आता येऊन काय करणार, परीक्षा दे. शनिवारी सामना होता. मी खोलीत बसून राहणार होते, तू मला ओढत नेलंस. मला फार राग आला होता तुझा तेव्हाही. सामनाभर, दर वेळी मध्ये भेटलो की तू एवढंच विचारायचीस, "जेवलीस का?" पहिल्यांदा मी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांदा "नाही" म्हणाले. दहाव्यांदा मला हसू आलं आणि मग हिरवळीवरच रडू कोसळलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तू थांबली नाहीस, पुढे चालत गेलीस आणि तुझे बॉल टाकलेस. सामना संपल्यावर जोआनने आणलेले बन्स तू मला एकामागून एक तीन खायला लावलेस. त्या दिवशी तू नसतीस तर माझं काय झालं असतं, मला खरंच माहीत नाही. तुझ्यावर चिडायला बसले की हे मध्ये येतं, आणि मग मी आणखी चिडते.

आपलं एक भांडण तर अर्धवटच राहिलं. मला जोरात मारायला आवडायचं. त्यांचा बॉल किटीला चिकटला असेल तर सरळ जाऊन त्याला उडवायचा, सगळं विस्कटून टाकायचं. तू म्हणायचीस, ते चूक आहे, हळू जाऊन त्याच्या शेजारी बसायचं, जागा असतेच. बॅरी तुझ्या बाजूने, तेविता माझ्या बाजूने. बसमध्ये, स्वयंपाक करताना, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा आपण त्यावर वाद घातला आहे. तुला आयुष्यात एकही गोष्ट जोरात करता आली नाही. भांडणसुद्धा.

आता वेलिंग्टनच्या नोकरीचं. ती जाहिरात मला सापडली होती. पाण्याच्या पाइपलाइनचं डिझाइन करणारी कंपनी, नवे पदवीधर घेणार होती, एकच जागा. मी अर्ज लिहिला आणि तुला वाचायला दिला, कारण माझं इंग्लिश तू सरळ करायचीस. तू दोन संध्याकाळी बसून तो इतका छान केलास की मला तुझा अभिमान वाटला. मी विचारलंसुद्धा, "तू नाही टाकत?" तू म्हणालीस, "छे, मला नाही ते वाऱ्याचं गाव. ऑकलंडच बरं." तुझे शब्द माझ्या कानात आहेत. फायनलच्या आठवड्यात गुरुवारी मला नकार आला. तू मला चहा करून दिलास, पाठीवर हात फिरवलास आणि म्हणालीस, त्यांचं नुकसान. तेव्हा तुला ऑफर येऊन दोन दिवस झाले होते.

शनिवारी फायनल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पदवीदान होतं, म्हणजे टीम म्हणून हा आपला शेवटचाच सामना. बॅरीने सगळ्या क्लबाला बोलावलं होतं, म्हातारी मंडळी गोधड्या पांघरून बाकांवर बसली होती. शेवटचा डाव आला तेव्हा दोन्ही टीमा अकरा-अकरा. मी माझे दोन्ही बॉल टाकले आणि किटीकडे निघाले. तू समोरून आलीस. मध्ये ओलांडताना तू म्हणालीस, "वेलिंग्टनचं मला मिळालंय. मीही अर्ज टाकला होता. बॅरीला सकाळी सांगितलं, तो चहाच्या वेळी सगळ्यांना सांगेल, म्हणून म्हटलं तुला आधी कळावं."

आणि तू चालत पुढे गेलीस.

आधी. मला आधी. बॅरीच्या नंतर, पण क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या आधी. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस ते बसलीस, आणि वर मला मान दिल्यासारखं सांगितलंस, तेही अशा जागी की मला तोंड उघडता येऊ नये. मी किटीपाशी जाऊन उभी राहिले. बघत होते ते भलतीकडेच. जोआनने विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम मस्त.

तुझा पहिला बॉल सुंदर आला. वळून, दमून, किटीच्या शेजारी येऊन बसला, अगदी तू म्हणायचीस तसा. मग त्यांच्या स्किपने शेवटचा बॉल टाकला. तो तुझ्या बॉलला ढकलून आत शिरला आणि किटीच्या मागे थांबला. तुझ्या बॉलपेक्षा चांगला वीतभर जवळ. वीतभर, शलाका. वरून बघणाऱ्याला त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तुझ्या जागेवरून मात्र ते दोन्ही बॉल एकामागे एक दिसत असणार, काही कळत नसणार. तुझा एक बॉल उरला होता. डावीकडून वाट मोकळी होती, तू डोळे मिटूनही तिथे आणून ठेवला असतास. तू ओरडलीस, "कोणाचा?"

मी बघितलं. मला नीट दिसलं. आणि मी ओरडले, "आपला आहे गं. सोडून दे."

मला तेव्हा भान नव्हतं, तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. तू "कोणाचा" म्हटल्यावर मी एक श्वास घेतला होता. त्या एका श्वासात मला पुरतं कळत होतं मी काय करणार आहे. तुझ्या हातून काहीतरी जावं, एवढंच मला हवं होतं. तेविता आणि जोआन माझ्या मागे दोन पावलांवर उभे होते आणि त्यांना काही कळलं नाही. आपल्या हुशारीचा उपयोग झाला तो असा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते वाचताना कधी वाटलं नव्हतं की दांडा मीच असेन.

आपला आहे म्हटल्यावर तुला काही करायचंच नव्हतं. जमलेल्या बॉलना धक्का लागू नये म्हणून तू शेवटचा बॉल मुद्दाम लांबून, कडेने घालवलास. तो सगळ्यांना चुकवून कडेच्या चरीत जाऊन पडला. तू हसत, जवळजवळ पळत आलीस. तू अर्ध्या वाटेवर होतीस तेव्हा त्यांची पोरं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. तुझी चाल हळू झाली. तू आलीस, वाकून किटीकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तेविताने विचारलं, "काय झालं, स्किप?" जोआनने विचारलं, "एवढा लांब का टाकलास?" आणि तू, जिने तीन वर्षांत एकही बॉल जोरात टाकला नव्हता, ती म्हणालीस, "सॉरी, गाइज. हात सुटला. जोरात गेला."

मी वाट पाहत होते. तिथे नाही तर चहाच्या वेळी, चहाच्या वेळी नाही तर बसमध्ये, बसमध्ये नाही तर खोलीवर. तू मला धरशील, ओरडशील, विचारशील. मग मीही ओरडेन, नोकरीचं काढेन, आणि आपण दोघी भांडून भांडून दमू आणि केव्हातरी संपेल. माझी तयारी होती. चहाच्या वेळी बॅरीने तुझ्या नोकरीचं सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बसमध्ये तू म्हणालीस, उद्या पाऊस आहे म्हणतात. पदवीदानाच्या फोटोत तू माझ्या खांद्यावर हात टाकला आहेस. दोन आठवड्यांनी तू दोन बॅगा घेऊन वेलिंग्टनला गेलीस, आणि विमानतळावर मला म्हणालीस, ये गं. हे सगळं मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा तसं सोसलं.

लोक याला मोठं मन म्हणतील. परवा म्हणतच होते. मी नाही म्हणत. तू माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलीस आणि मला कायमची तुझ्या उपकाराखाली बसवून ठेवलंस. मला तुझ्याशी बरोबरीने भांडायचं होतं, तेवढाही हक्क तू मला दिला नाहीस. नंतर मलाही ऑकलंडला बरी नोकरी लागली, मी पापाकुराला घर घेतलं, माझं काही अडलं नाही. पण तुझा वाढदिवसाचा मेसेज आला की त्या दिवशी माझा स्वयंपाक बिघडायचा. मी तुझ्या लग्नाला आले नाही, कामाचं कारण सांगितलं. इराच्या बारशाला आले नाही. तू आजारी पडलीस त्यानंतरच्या अकरा महिन्यांत मी तीनदा तिकीट बघितलं. एकदा काढलंही आणि रद्द केलं. तुला भेटले तर बोलावं लागेल, या भीतीने मी तुला भेटले नाही.

आणि शेवटचा फोन. रविवार होता, मी कपडे वाळत घालत होते. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मी फोन कानाशी दाबून धरला होता. इराच्या पोहण्याच्या क्लासबद्दल बोललीस, नवीन टॉग्ज, पोहायचे कपडे, घ्यायचे राहिलेत म्हणालीस. मग एकदम म्हणालीस, "अनघा, वेलिंग्टनचं मी तुला आधी सांगायला हवं होतं. अर्ज टाकला तेव्हाच. मला धीर झाला नाही. चूक माझी होती."

नऊ वर्षांनी तू पहिल्यांदा असं काही बोललीस ज्याला उत्तर देता येत होतं. आणि मी काय म्हणाले? "जाऊ दे गं, किती जुनी गोष्ट." मी तुला माफ केलं. मोठी आले माफ करणारी. मला वाटलं फोन कट झाला, मी हॅलो हॅलो केलं. तू होतीस. "बाकी काही?" तू विचारलंस. मला माहीत होतं तू काय विचारते आहेस. मी म्हणाले, "बाकी काही नाही. तू बरी हो, मग येतेच मी." तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर तीन आठवड्यांनी निखिलचा फोन आला.

तर मी आले. तू नसताना आले, तुझ्या घरी राहिले, तुझ्या कपातून चहा प्यायले. अंत्यसंस्कार झाल्यावर संध्याकाळी घरी माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, काहीतरी हलकं बोलू या, तिला आवडलं असतं. निखिलने मग तो किस्सा सांगितला. फायनलचा. मला माहीतच नव्हतं की तुझ्या घरात तो किस्सा आहे. तू तो दर पार्टीत सांगायचीस म्हणे, हावभावांसकट. शेवटचा बॉल, जिंकायला एक हवा आणि बाईसाहेबांनी तो थेट चरीत घातला. घरात कोणी दार आपटलं, कोणाच्या हातून ताट पडलं, इराने फुटबॉल कुंपणाबाहेर मारला, की "आईचा फायनलचा बॉल!" असं तुम्ही तिघं ओरडायचात. रडून डोळे सुजलेली माणसं खदखदून हसली. निखिल माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तर तिथेच होतीस ना?" मी रिकाम्या बशा उचलून आत गेले.

आज सकाळी मी मागच्या पायरीवर बसले होते. दुपारचं विमान होतं. इरा टोस्ट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. तिला तुझं कपाळ आहे. आम्ही तशा अनोळखीच, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

"यू वर इन मम्स टीम, राइट?"

"हो."

"सो यू सॉ इट. व्हेन शी चक्ड इट इन द डिच." आणि ती हसली, कारण त्या गोष्टीला हसायचं असतं हे तिला जन्मापासून माहीत आहे.

सहा वर्षांच्या पोरीला, आई जाऊन पाच दिवस झालेले असताना, हे सांगावं का? मला माहीत नाही. तू नको म्हणाली असतीस, नक्कीच. पण मला दिसलं की ती हा किस्सा आयुष्यभर सांगणार. तिच्या मित्रांना, नवऱ्याला, मुलांना. माझ्या खोट्यावर तुझी लेक हसत राहणार, आणि तुझ्याबद्दल तिला जे मोजकं आठवेल त्यात हे असणार, की आईने बॉल वाया घालवला.

मी मराठीतच सांगितलं. तिला सगळं कळतं. "इरा, तुझ्या आईचा हात सुटला नव्हता. तिने तो बॉल मुद्दाम लांब टाकला, कारण मी तिला सांगितलं की आपण जिंकलोय, आता काही करू नकोस. ती लांब होती, तिला दिसत नव्हतं. मी जवळ होते."

"बट यू हॅडन्ट वन."

"नाही."

"डिड यू गेट मिक्स्ड अप?"

तिने मला दार उघडून दिलं होतं. अगदी तुझ्यासारखं. मी त्यातून गेले असते तर तिने टोस्ट संपवला असता आणि विषय तिथेच संपला असता.

"नाही," मी म्हणाले. "मला नीट दिसत होतं. मी तुझ्या आईवर खूप चिडले होते, म्हणून खोटं सांगितलं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तू किटीकडे पाहिलं होतंस तशी नाही. सरळ माझ्या तोंडाकडे.

"डिड मम नो?"

"हो. लगेच कळलं तिला."

"देन व्हाय डिड शी से शी चक्ड इट?"

"मला माहीत नाही, बाळा. मी तिला कधी विचारलं नाही."

तिने उरलेला टोस्ट पायरीवर ठेवला. कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "देन इट्स नॉट अ फनी स्टोरी."

"नाही," मी म्हणाले.

ती उठली आणि बाबाला सांगायला घरात गेली. मी तिला थांबवलं नाही.